नावडतीचं इंजिन

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. मोटारींच्या दुनियेतली अशी एक नावडती म्हणजे ब्रिटनची ट्रायम्फ स्टॅग. तुम्ही म्हणाल, हे नाव कधी ऐकलं नाही. पण तिची चुलत बहीण तुमच्या ओळखीची आहे. मद्रासला 1961 पासून बनणारी स्टँडर्ड हेरल्ड आठवते? ती मूळची ट्रायम्फ हेरल्ड. तिला रूप दिलं ट्युरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी, आणि स्टॅगही त्यांचीच. 1960 च्या दशकात त्यांनी प्रदर्शनात मांडायला ट्रायम्फची एक जुनी सलून मागून घेतली. मुख्य अभियंता हॅरी वेबस्टर यांची अट एकच : आवडली तर गाडी आमची. आवडली!

जून 1970 मध्ये स्टॅग बाजारात आली. चार जणांची, उघड्या छपराची, 2997 सीसीचं व्ही-8 इंजिन, 145 अश्वशक्ती. पुढच्याच महिन्यात, 23 जुलैला, इथे ओमानमध्ये सुलतान काबूस गादीवर आले. तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता जेमतेम 10 किलोमीटर होता!

स्टॅगचं रूप सगळ्यांना भावलं, पण इंजिनाने घात केला. पाण्याचा पंप इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला, त्यामुळे पाणी थोडं उतरलं की पंप कोरडा. खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरची हेडं अॅल्युमिनियमची. दोन धातू आणि मध्ये पाणी म्हणजे गंजाला आमंत्रणच. त्यात ओतकामातली वाळू कधी कधी ब्लॉकमध्येच राहून जायची. कंपनी 1968 मध्ये ब्रिटिश लेलँडच्या मोठ्या कुटुंबात आली होती. घरातच रोव्हरचं चांगलं व्ही-8 होतं, पण ते स्टॅगला मिळालं नाही. 1977 मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा जेमतेम 26 हजार गाड्या झाल्या होत्या. पुढे अनेक मालकांनी मूळ इंजिन काढून रोव्हरचंच बसवलं.

आता मस्कतकडे येऊ. माझ्या एका परिचिताने अशीच एक डाव्या स्टिअरिंगची स्टॅग घेतली. अमेरिकेसाठी अशा गाड्या थोड्याच काळ गेल्या, त्यामुळे त्यांचे काही भाग आणखीच दुर्मिळ. इथे वादी कबीरच्या गॅरेजांत टोयोटाचा कुठलाही भाग तासाभरात मिळतो. स्टॅगचं नाव काढलं की मेकॅनिक चहा मागवतो, एवढंच! सगळ्यांचा सल्ला एक : इंजिन फेका, जपानी बसवा. परिचित तयारही झाला होता. माझा जन्म पंपांत गेलेला, म्हणून म्हटलं, आधी उघडून तर बघू.

भाग मिळाले ते इंग्लंडमधून. उत्पादन थांबल्यावर दोन वर्षांनी, 1979 मध्ये, तिथल्या मालकांनी स्टॅग ओनर्स क्लब काढला. पुढे सभासदांनी पैसे जमवून साचे बनवले आणि बंद झालेले भाग पुन्हा करून घेतले. त्याहून मोलाचा त्यांचा अनुभव. रेडिएटर नवा भरून घ्या, पाण्याची टाकी इंजिनाच्या वर न्या, टायमिंग चेन 40-50 हजार किलोमीटरला न चुकता बदला. आणि मुख्य म्हणजे कूलंट बारा महिने ठेवा.

हा शेवटचा मुद्दा आपल्यासारख्या उष्ण देशातल्या माणसांनी लक्षात ठेवावा. 'इथे बर्फ कुठे पडतो?' म्हणून आपण रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरतो. पण कूलंटचं काम फक्त पाणी गोठू न देणं नाही. त्यातली रसायनं धातूला गंजण्यापासून वाचवतात, आणि पाणी उकळायलाही उशीर लावतात. या गाडीत आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं साधं पाणी भरलेलं. हेडाचे तिरके स्टड इतके धरलेले की तेल सोडत, गरम करत, हेड सुटायला तीन आठवडे लागले. आतून निघालेला गाळ चांगला वाटीभर होता.

ब्लॉक शाबूत निघाला. इंजिन तेच ठेवलं. मे महिन्यात, पारा 44 वर असताना, गाडी मस्कतहून निझवाला जाऊन आली आणि तापमानाचा काटा मधोमध राहिला.

कंपनीने दोन-तीन वर्षं आणखी थांबून, तपासून इंजिन बाहेर काढलं असतं तर? इतिहासात या 'तर'ला अर्थ नाही. पण एक नक्की. जे काम कारखान्याने अर्धवट सोडलं, ते हौशी मालकांनी पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं चिकाटीने पुरं केलं. अळणी म्हणून ताट सरकवण्याआधी मीठ घातलंय का, हे त्यांनी पाहिलं. असो. तुमच्या गाडीत नळाचं पाणी असेल तर या रविवारी तेवढं बदलून घ्या.