पीतभयाचा धनी : फू मांचू आणि खलनायकाचे आकर्षण

रंजनप्रधान कथावाङ्मयात खलनायक हा नायकाच्या पराक्रमाला अवसर मिळावा म्हणून योजलेला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सॅक्स रोमर (१८८३-१९५९) याच्या फू मांचू-मालिकेत मात्र हा संबंध उलटा झालेला दिसतो. नेलंड स्मिथ आणि डॉक्टर पेट्री ही नायकांची जोडी आज थोड्यांच्याच स्मरणात आहे. ज्याच्या निःपातासाठी ती निर्माण झाली त्याचे नाव मात्र इंग्रजी भाषेत जवळजवळ सामान्यनाम होऊन बसले. वंशद्वेषावर उभी राहिलेली ही आकृती वाचकांना इतकी हवीहवीशी का वाटली, हा प्रश्न केवळ साहित्यरुचीचा नाही.

फू मांचूची पहिली कथा ऑक्टोबर १९१२ मध्ये लंडनच्या 'द स्टोरी-टेलर' या मासिकात आली आणि १९१३ मध्ये पहिले पुस्तक निघाले. तिच्यासाठी लागणारी भूमी आधीच तयार होती. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली होती. १८९५ मध्ये जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने पूर्वेकडून येणाऱ्या संकटाचे चित्र काढवून घेऊन 'पीतभया'ला राजमान्यता दिली. १८९८ मध्ये एम. पी. शीलची 'द यलो डेंजर' ही कादंबरी आली. १९०० च्या बॉक्सर उठावाने या कल्पनेला वृत्तपत्री वास्तवाचा आधार पुरवला. लंडनच्या लाइमहाउस भागात प्रत्यक्षात राहणारे चिनी काही शेकड्यांच्या घरातले, बहुतेक खलाशी, धोबी व खानावळवाले. या लहानशा वस्तीवर रोमरने जागतिक कटाचे ओझे लादले. भय आणि त्याचा विषय यांतील ही विषमता हेच साचेबंद प्रतिमेचे मर्म होय. तिला पुराव्याची गरज नसते, पुनरुक्ती पुरते.

पुनरुक्ती हाच मालिकेचाही धर्म आहे. पहिल्या पुस्तकाच्या अखेरीस आगीत नष्ट झाल्यासारखा वाटणारा फू मांचू १९१६ मध्ये परततो. १९१७ नंतर थांबलेली मालिका १९३१ मध्ये नव्याने सुरू होते आणि १९५९ पर्यंत कादंबऱ्यांची संख्या १३ वर जाते. खलनायक मेला तर मालिका संपते, म्हणून त्याने मरता कामा नये. नायकाचा विजय त्यामुळे नेहमी तात्पुरता राहतो आणि वांशिक भय प्रत्येक हप्त्यागणिक ताजे होते. व्यापारी गरज आणि पूर्वग्रह येथे एकमेकांचे पोषण करतात.

तथापि केवळ भयाने आकर्षणाचा उलगडा होत नाही. फू मांचू पाश्चात्त्य विज्ञानात पारंगत आहे, दिलेला शब्द पाळतो, विष, कवक आणि कीटक यांच्या साहाय्याने हत्येला जणू प्रयोगशाळेतील कलाकृतीचे रूप देतो. पहिल्याच कथेत एका विषारी गोमेला सुगंधाच्या मागावर सोडून बळी घेतला जातो. त्याच्यासमोर स्मिथ हा धावपळ करणारा, ब्रह्मदेशातून आलेला वसाहती अधिकारी ठरतो. बुद्धी, संयम आणि संघटन हे जे गुण साम्राज्य स्वतःचे मानत असे, तेच प्रतिपक्षाकडे गेले तर काय, या अस्वस्थतेला येथे देह मिळाला आहे. वाचक त्याचा तिरस्कार करण्यासाठी पुस्तक उघडतो आणि त्याच्या बेताची वाट पाहत पाने उलटतो.

हे आकर्षण म्हणजे साच्यावर मिळवलेला विजय, असे मानण्याचा मोह टाळला पाहिजे. व्यक्तित्व एकट्या फू मांचूला लाभते. त्याच्या भोवतीचे सारे लोक बिनचेहऱ्याचे राहतात. एकाला अतिमानव करायचे आणि उरलेल्यांना झुंड, ही या प्रतिमेची दुहेरी रीत आहे. त्या झुंडीत डाकू आणि ठगही आहेत, ही गोष्ट भारतीय वाचकाने दुर्लक्षू नये. १८३० च्या दशकातील स्लीमनची मोहीम आणि फिलिप मेडोज टेलरची १८३९ ची कादंबरी यांनी इंग्रजीत रुजवलेला 'ठग' येथे चिनी सूत्रधाराचा चाकर होतो. वसाहतीच्या दप्तरातला शब्द रंजनाच्या बाजारात शिरतो, आणि स्मिथच्या बाजूने रहस्याचा पाठलाग करणारा भारतीय वाचक नकळत स्वतःच्याच विरोधी पक्षात उभा राहतो.

या साच्याची किंमत प्रत्यक्ष माणसांनी मोजली. १९३२ मध्ये बोरिस कार्लोफ फू मांचूच्या भूमिकेत असलेला एम.जी.एम.चा चित्रपट आला, तेव्हा चिनी वकिलातीने निषेध नोंदवला. १९२९ मध्ये हीच भूमिका करणारा वॉर्नर ओलंड हा स्वीडिश नट पुढे चार्ली चॅन हा सज्जन चिनी गुप्तहेरही झाला. दुष्ट असो वा सुष्ट, चिनी मुखवट्यामागे चिनी माणसाला जागा नव्हती. १९३४ मध्ये 'फ्लॅश गॉर्डन' चित्रमालिकेतील क्रूर मिंग परग्रहावर गेला, तरी नाव आणि चेहरा त्याने पृथ्वीवरूनच नेला.

अशा संहितांचे वाचन करताना त्यांच्यावर बंदी घालणे किंवा त्यांना निरुपद्रवी करमणूक म्हणून सोडून देणे, हे दोन्ही मार्ग सोपे आहेत. अधिक अवघड काम वाचकाच्या आनंदाची चिकित्सा करण्याचे आहे. फू मांचूचा मोह खरा होता, आणि द्वेष दूरवर पोचला तो त्या मोहाच्याच वाहनातून. तिरस्कारापेक्षा कौतुकाच्या अंगाने आलेला पूर्वग्रह ओळखणे कठीण जाते. म्हणूनच तो अधिक काळ टिकतो.