संदेशांस वाट दाखविणारा संगणक

दोन जाळ्यांच्या सांध्यावर बसून, आलेल्या संदेशाचा पत्ता वाचावयाचा व त्यास पुढली वाट दाखवावयाची, हें ज्याचें काम त्यास राउटर म्हणतात. घरोघरीं आढळणारी त्याची लहानशी पेटी पाहून हें कांहीं निराळ्याच जातीचें यंत्र असावें, असा समज होतो. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे.

१९६९ सालीं अमेरिकेंत अर्पानेट हें जाळें सुरू झालें. त्यांतील संदेश पोंचविण्याचें काम बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीनें हनीवेलच्या डीडीपी-५१६ या संगणकाकडे सोंपविलें. हा संगणक मुळांत दुसऱ्या कामांसाठीं घडलेला होता. कांहीं जोड उपकरणें आणि नवा प्रोग्रॅम मिळतांच तो टपालखात्यांतील पत्रें निवडणाऱ्या कारकुनासारखा कामाला लागला.

पुढें १९८६ सालीं नॅशनल सायन्स फाउंडेशननें सहा ठिकाणें जोडलीं, तेव्हां त्या सांध्यांवर डिजिटल कंपनीचे पीडीपी-११ जातीचे छोटे संगणक बसविले. त्यांचा प्रोग्रॅम डेव्हिड मिल्स यांचा. त्याचें नांव ‘फझबॉल’. तारांचा वेग सेकंदास अवघा ५६,००० बिट. गर्दी इतकी झाली कीं, दूरच्या संगणकावर अक्षरें टंकणाऱ्यास उत्तराची वाट पाहत बसावें लागे. मिल्स यांनीं प्रोग्रॅममध्यें फेरफार करून अशा संदेशांस अग्रक्रम दिला. यंत्र तेंच राहिलें, बदलली ती केवळ आज्ञावली!

१९८८ सालीं तारांचा वेग सेकंदास १५ लक्ष बिटांवर गेला, आणि प्रत्येक सांध्यावर आयबीएमचे आरटी जातीचे नऊ संगणक एकत्र राबूं लागले. रहदारी आणखी वाढली, तेव्हां सामान्य संगणकाची धांव अपुरी पडली आणि मोठ्या मार्गांवर खास घडविलेलीं यंत्रें आलीं. हें योग्यच झालें.

परंतु घर, शाळा किंवा लहान कचेरी यांना एवढी धांव कोठें लागते? दोन जोडण्यांचा जुना संगणक आणि लिनक्ससारखी सर्वांस खुली आज्ञावली एवढ्यावर तेथील काम भागतें. वीज थोडी अधिक लागेल, हें खरें. पण बंद पेटीच्या कर्त्यानें तिच्यांतील दोष सुधारण्याचें थांबविलें, म्हणजे पेटीचा धनी निरुपाय होतो. खुल्या आज्ञावलीचा दोष मात्र कोणीही जाणता दुरुस्त करूं शकतो. घराच्या उंबरठ्यावरील पहारेकरी कोणाची आज्ञा पाळतो, हें घरधन्यास ठाऊक असावें, इतकेंच माझें सांगणें आहे.