दंतविरंजन

दंतविरंजन म्हणजे रासायनिक द्रव्यांच्या साहाय्याने दातांचा रंग फिका करणे होय. बोलीभाषेत यालाच 'दात पांढरे करणे' म्हणतात. मात्र दातांवर बसलेला थर काढणे आणि दातांचा मूळ रंग उजळवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पद्धतीची निवड डागाच्या कारणावर अवलंबून असते.

कारणे

चहा, कॉफी, पान व तंबाखू यांचे डाग दातांच्या पृष्ठभागावर बसतात. महाराष्ट्रात दात घासण्यासाठी वापरली जाणारी मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, हेही अशा डागांचे एक कारण आहे. मशेरीमुळे दात स्वच्छ होतात हा समज चुकीचा असून तिच्यामुळे मुखकर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजनांवर भारतात १९९२ साली बंदी घालण्यात आली.

काही डाग दातांच्या आत असतात. दात घडत असताना पाण्यातून अतिरिक्त फ्लोराइड पोटात गेल्यास दातांवर पांढरे किंवा तपकिरी चट्टे उमटतात. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत हा विकार आढळतो. बालवयात घेतलेल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकामुळे दातांवर करडे पट्टे येतात. वयोमानानुसार बाहेरचे एनॅमल झिजते व आतील पिवळसर डेंटिन दिसू लागते. एकच दात काळा पडला असल्यास बहुधा मार लागून त्याची नस मेलेली असते. अशा वेळी आधी क्ष-किरण तपासणी व मूळनलिका उपचार करावे लागतात.

पद्धती

पृष्ठभागावरील डागांसाठी दंतवैद्याकडून दात साफ करून घेणे बहुधा पुरेसे ठरते. आतील पिवळेपणासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडपासून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. हे जेल दातांच्या मापाच्या साच्यात भरून रात्री लावण्याची पद्धत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला काही आठवडे लागतात. दवाखान्यातील तीव्र जेलने फरक लवकर दिसतो, पण उपचारावेळी दात कोरडे पडल्यामुळे ते प्रत्यक्षापेक्षा अधिक पांढरे भासतात व काही दिवसांत रंग थोडा उतरतो. टेट्रासायक्लिनच्या डागांना अनेक महिने लागू शकतात.

लिंबू व खाण्याचा सोडा किंवा कोळशाची पूड हे उपाय लोकप्रिय असले तरी लिंबातील आम्ल एनॅमल विरघळवते आणि भरड पूड ते घासून काढते. झिजलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही. परिणामी डेंटिन उघडे पडून दात पूर्वीपेक्षा पिवळे दिसू लागतात.

मर्यादा

कृत्रिम टोप्या व भरलेले सिमेंट यांचा रंग विरंजनाने बदलत नाही. त्यामुळे पुढच्या दातावर टोपी असल्यास ती बाजूच्या उजळलेल्या दातांत वेगळी दिसते. दातांना ठणका लागणे व हिरड्यांची जळजळ हे दुष्परिणाम सामान्यतः तात्पुरते असतात. किडलेले दात व हिरड्यांचे आजार यांवर आधी उपचार करणे आवश्यक असते. गर्भवती व स्तनदा मातांना हा उपचार पुढे ढकलण्याचा सल्ला दिला जातो. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून अधिक व ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली विरंजनद्रव्ये केवळ दंतवैद्यांना विकता येतात आणि १८ वर्षांखालील व्यक्तींसाठी ती वापरता येत नाहीत.