सरीसृपपेटीतील उष्णतानियंत्रण

पाळीव सरीसृपाच्या पेटीत योग्य तापमान सुरक्षितपणे राखण्याची व्यवस्था. सरीसृप शरीराला पुरेशी उष्णता सहसा स्वतः निर्माण करत नाहीत. ऊब आणि सावली यांत ये-जा करून ते तापमान सांभाळतात. म्हणून पेटीची एक बाजू उबदार व दुसरी थंड हवी. बॉल पायथन या सापासाठी उबदार बाजू सुमारे ३१–३३° से. आणि थंड बाजू २४–२६° से. ठेवतात.

तापपट्टी किंवा दिवा थर्मोस्टॅटशिवाय कधीही जोडू नये. पोटाखालची जास्त उष्णता सापाला वेळेत जाणवतेच असे नाही. तो तिथेच पडून राहतो व भाजतो. थर्मोस्टॅटचा संवेदक तापपट्टीवर घट्ट बसवावा. तो निसटून थंड जागी पडला, तर थर्मोस्टॅट पट्टी तापवतच राहतो. थर्मोस्टॅटमधला रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटल्यासही तेच घडते, म्हणून वेगळा तापमापक आणि उष्णता वाढताच वीज तोडणारे दुसरे उपकरण लावणे शहाणपणाचे. दिव्याला जाळी हवीच.

हिवाळ्याच्या रात्री ऊब लागते. एप्रिल-मेमध्ये मात्र पत्र्याच्या खोलीत खरा धोका अतितापाचा असतो. थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, खोली थंड करत नाही. तेव्हा पेटी सावलीच्या, हवेशीर खोलीत हलवावी.

सरीसृप पाळण्याआधी कायदाही पाहावा. घोरपड, भारतीय अजगर, तारा कासव घरी पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीतील विदेशी प्रजातींची नोंदणी २०२२च्या दुरुस्तीने बंधनकारक केली आहे.