रुग्णशय्येवरील परभाषा : पोलिश लोकांच्या इंग्रजी अध्ययनाचा एक अध्याय

परभाषेच्या अध्ययनाचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे आपली दृष्टी सहसा व्याकरणे, शब्दकोश आणि क्रमिक पुस्तके यांकडे वळते. परंतु एखाद्यास परभाषा कितपत आली याची खरी कसोटी पुस्तकात लागत नाही. ती व्यवहारात, आणि त्यातही रुग्णशय्येपाशी लागते. बाजारात शब्द अडला तर वस्तूकडे बोट दाखवून काम भागते. दुखण्याच्या बाबतीत बोटाने फार तर जागा दाखविता येईल. ते केव्हापासून आहे, कसे आहे, थांबून थांबून येते की सतत असते, हे शब्दांवाचून सांगता येत नाही. या दृष्टीने विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये जाऊन राहिलेल्या पोलिश लोकांनी इंग्रजी भाषा कशी आत्मसात केली, हा इतिहास भाषाशिक्षकांनी अवश्य अभ्यासावा असा आहे. त्यातील एक धागा आपल्या कोल्हापूरच्या मातीतूनही गेलेला आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. जेत्यांनी विद्येच्या केंद्रांवर प्रथमपासूनच घाव घातले. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी क्राकूव येथील याग्येलोनियन विद्यापीठातील अध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने एकत्र बोलावून अटक करण्यात आली. पोलिश सेनेचा मोठा भाग फ्रान्समध्ये पुन्हा उभारला गेला होता. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडल्यावर त्यातील काही भाग ब्रिटनमध्ये आला आणि त्यांपैकी बहुतेकांचा तळ स्कॉटलंडमध्ये पडला. या सैनिकांत डॉक्टर होते, आणि वैद्यकाचा अभ्यास अर्धा टाकून शस्त्र हाती घेतलेले विद्यार्थीही होते.

या विद्यार्थ्यांसाठी २२ मार्च १९४१ रोजी एडिंबरो विद्यापीठात पोलिश वैद्यकशाळेची स्थापना झाली. विद्यापीठाच्या वैद्यक शाखेचे प्रमुख सिडनी स्मिथ यांनी या कार्यास भक्कम पाठिंबा दिला, आणि पोझनान येथील शल्यविद्येचे प्राध्यापक आन्तोनी युराश हे शाळेचे पहिले प्रमुख झाले. त्याच वर्षी विख्यात पियानोवादक व पोलंडचे माजी पंतप्रधान पादेरेव्स्की यांच्या नावाने तेथे एक रुग्णालयही उघडण्यात आले. १९४९ मध्ये शाळा बंद होईपर्यंत ३३६ विद्यार्थ्यांनी तेथे नाव नोंदविले आणि २२७ जणांनी पदवी संपादन केली. शाळेची मुख्य भाषा पोलिश होती, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. परक्या देशाने निर्वासितांना आश्रय दिला, इतकेच नव्हे तर त्यांच्या भाषेला आपल्या विद्यापीठात स्थान दिले, अशी उदाहरणे इतिहासात विरळाच.

तथापि युद्ध संपल्यावर यांतील पुष्कळांचा मायदेशी परतण्याचा मार्ग बंद झाला. तेथील राजवट बदलली होती आणि पूर्वेकडील प्रांत तर पोलंडमध्येच राहिले नव्हते. १९४७ च्या पुनर्वसन कायद्यान्वये पोल लोकांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याची सोय झाली, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने युद्धकाळात तात्पुरती नोंदणी मिळालेल्या परदेशी डॉक्टरांना कायम नोंदणीची वाट मोकळी झाली. ५ जुलै १९४८ पासून ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. पोलिश डॉक्टर आता इंग्रज रोग्यापुढे बसणार होता.

येथे एक गमतीची अडचण उभी राहते. या डॉक्टरास इंग्रजी वैद्यकग्रंथ वाचणे फारसे अवघड नव्हते. इंग्रजी वैद्यकाची परिभाषा बहुतांशी लॅटिन व ग्रीक आहे, आणि पोलंडच्या जुन्या माध्यमिक शाळांत लॅटिनचा अभ्यास चांगला होत असे. 'अ‍ॅब्डॉमेन' हा शब्द त्याला परका नव्हता. परंतु रोगी 'अ‍ॅब्डॉमेन' म्हणत नाही, तो 'टमी' म्हणतो. इंग्रजी भाषेचे असे दोन मजले आहेत : वरचा विद्वानांचा, खालचा घरगुती. पोलिश डॉक्टर वरच्या मजल्यावर सहज वावरत असे. त्याची अडचण होई ती खालच्या मजल्यावर. 'पास वॉटर' म्हणजे पाणी पुढे सरकविणे नव्हे, लघवी करणे. 'स्पेंड अ पेनी' याचाही अर्थ तोच. सार्वजनिक शौचकूपाच्या दारात पेनीचे नाणे टाकावे लागे, त्यावरून तो वाक्प्रचार आला. 'अंडर द वेदर' म्हणणाऱ्याची तक्रार हवेविषयी नसते. त्याला किंचित बरे नसते. 'फिट अ‍ॅज अ फिडल' असे म्हणणाऱ्याचा वाद्यांशी काही संबंध नसतो. तो ठणठणीत असतो, इतकेच. यांतील एकही अर्थ सुट्या शब्दांच्या बेरजेने हाती लागत नाही.

त्याहून फसवे असतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. पोलिश भाषेत 'आंगिना' म्हणजे घशातील गाठींची तीव्र सूज; इंग्रजीत 'अँजायना' म्हटले की हृदयविकाराची कळ समजली जाते. मूळ लॅटिन धातू एकच, त्याचा अर्थ आवळणे. एका भाषेत तो गळ्याशी राहिला, दुसरीत छातीत उतरला. घसा दुखत असलेल्या पोलिश रोग्याने आपला शब्द जरा इंग्रजी वळणाने उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स व्हावे! पोलिश 'लुनातिक' म्हणजे झोपेत चालणारा माणूस. इंग्रजी 'ल्यूनॅटिक' म्हणजे वेडा. पोलिश 'रेत्सेप्ता' म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी. इंग्रजीत त्याच कुळातील 'रिसीट' आज पैशांची पावती झाली आहे. अनोळखी शब्दापाशी विद्यार्थी थांबतो आणि विचारतो. ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दापाशी तो थांबतच नाही. म्हणून अनुभवी शिक्षक अशा जोड्या आरंभीच पुढे ठेवतो.

दुखणे सांगण्याची रीतही निराळी. पोलिश भाषेत 'बूल' हे एकच नाम बहुतेक सर्व वेदनांना पुरते : डोक्याचा बूल, दाताचा बूल, घशाचा बूल. इंग्रजीत डोके, दात, कान, पाठ यांना 'एक' हा शब्द जोडतात. घसा मात्र 'सोअर' होतो, आणि पायाला यांपैकी कोणताही जोडशब्द लागत नाही. यामागे नियम नाही. केवळ रूढी आहे. मराठी वाचकास याचे फारसे नवल वाटणार नाही. आपल्याकडे गळू ठसठसते, दात ठणकतो, पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो आणि अंगात कणकण असते. यांची अदलाबदल परक्याने केली तर आपण हसतो, पण कारण सांगता येत नाही.

उलटपक्षी पोलिश भाषेची रोगनामे सामान्य माणसालाही उलगडणारी आहेत. इंग्रजीतील 'न्यूमोनिया' हा ग्रीक शब्द अडाण्यास काहीच सांगत नाही; पोलिशमध्ये त्याला फुप्फुसांचा 'झापालेन्ये' म्हणतात, आणि तो शब्द जळण्याच्या धातूपासून झाला आहे. आपला फुप्फुसदाह याच घडणीचा. मधुमेहाला पोलिश भाषेत 'त्सुक्शित्सा' म्हणतात. तो शब्द साखरवाचक 'त्सुकिएर' यापासून निघाला, आणि त्याचे मूळ शोधीत गेल्यास ते जर्मन, अरबी, फारसी असा प्रवास करून अखेर आपल्या 'शर्करा' शब्दापाशी येऊन पोचते. हातापायास मुंग्या येतात त्याला इंग्रज 'पिन्स अँड नीडल्स', म्हणजे टाचण्या आणि सुया म्हणतो. पोलिश शब्द मात्र 'म्रूफ्का', म्हणजे मुंगी, यावरूनच आलेला आहे. विस्तुला आणि कृष्णा या नद्यांच्या काठच्या माणसांना एकाच जाणिवेसाठी एकच प्राणी आठवावा, हे मौजेचे खरे. निरोगी माणसाला पोल 'माशासारखा ठणठणीत' म्हणतो. इंग्रजाच्या सारंगीपेक्षा हा मासा मला अधिक पटतो.

आता सामान्य विद्यार्थ्याकडे वळू. १९४० व १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबे सोव्हिएत राजवटीने सायबेरिया व मध्य आशियात हद्दपार केली. जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांतील काहींची सुटका झाली. उपासमार आणि टायफससारख्या साथी सोसून ती इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतील सुमारे पाच हजार माणसे, मुख्यतः स्त्रिया व मुले, १९४३ पासून कोल्हापूरनजीक वळिवडे येथील वसाहतीत राहिली. तेथे त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, रुग्णालय होते. शिक्षण पोलिश भाषेत चाले आणि इंग्रजी हा विषय म्हणून शिकविला जाई. १९४७-४८ च्या सुमारास वसाहत मोडली तेव्हा अनेक जण ब्रिटनमध्ये आपल्या सैनिक आप्तांकडे गेले. पुढे १९५१ च्या जनगणनेत ब्रिटनमधील पोलंडजन्य लोकांची संख्या सुमारे १,६२,००० भरली.

या मंडळींची अडचण डॉक्टरांच्या नेमकी उलट होती. गिरण्या, खाणी, शेते आणि रुग्णालयांची स्वयंपाकघरे येथे काम करता करता इंग्रजीचा खालचा मजला त्यांच्या अंगवळणी पडला. वरचा मात्र बंदच राहिला. शेजारणीशी 'अंडर द वेदर' म्हणून बोलता येई, पण चिठ्ठीवरचे रोगाचे नाव वाचता येत नसे. म्हणजे एकाच देशातून आलेल्या, एकच भाषा शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना दोन भिन्न धडे हवे होते. डॉक्टरास घरगुती शब्द हवेत, कामकऱ्यास परिभाषा हवी. दोघांना एकच पुस्तक दिले तर ते दोघांनाही अपुरे पडते. भाषाशिक्षणात 'विद्यार्थी कोण' हा प्रश्न 'भाषा कोणती' या प्रश्नाइतकाच मोठा आहे, हे येथे स्वच्छ दिसते.

परंतु दोन्ही मजले हस्तगत झाले तरी एक गोष्ट उरते. इंग्रजी शिकलेल्या पोल माणसांत सर्वांत थोर नाव जोसेफ कॉनरॅड यांचे. १८५७ मध्ये जन्मलेला हा पुरुष वयाच्या विसाव्या वर्षी, १८७८ मध्ये, इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. पुढे तो त्या भाषेतील श्रेष्ठ कादंबरीकार झाला. अशा माणसाला १८९६ मध्ये विवाहानंतर लगेच ब्रिटनी येथे असताना ताप भरला, आणि तापात तो केवळ पोलिश भाषेत बोलू लागला. त्यातील अक्षरही न समजल्याने नवपरिणीत इंग्रज पत्नी भयभीत झाली. पुढे १९०१ मध्ये त्याने 'एमी फॉस्टर' ही कथा लिहिली. गलबत फुटून इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलेला, कार्पेथियन पर्वताच्या मुलखातील एक तरुण तेथील मुलीशी लग्न करतो. आजारपणात तो आपल्या भाषेत पाणी मागतो. पत्नीला ते कळत नाही, ती घाबरून मूल घेऊन पळून जाते, आणि तो मरतो. शब्द इतका लहान, मागणी इतकी साधी, आणि अंतर इतके की जीव जावा! ज्वरात माणूस शिकलेली भाषा सोडून पाळण्यातल्या भाषेकडे परततो. या सत्यापुढे परभाषेवरील प्रभुत्वही थिटे पडते.

ब्रिटनमधील पोल समाजाने हे सत्य ओळखले होते असे दिसते. वेल्समधील पेन्ली येथे युद्धोत्तर काळात उभे राहिलेले पोलिश रुग्णालय वृद्ध पोल लोकांसाठी २००२ पर्यंत चालू होते. ज्यांनी आयुष्यभर इंग्रजीत व्यवहार केला, त्यांनाही शेवटचे दुखणे आपल्या भाषेत सांगण्याची सोय तेथे होती. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात सामील झाल्यावर नवी पिढी कामासाठी ब्रिटनमध्ये आली. इंग्लंड व वेल्समध्ये पोलिश ही मुख्य भाषा सांगणारे लोक २०११ च्या जनगणनेत ५,४६,००० होते, २०२१ मध्ये ६,१२,००० झाले. 'आंगिना' आणि 'अँजायना' यांचा जुना घोटाळा या नव्या विद्यार्थ्यांपुढेही उभा आहेच.

या साऱ्यातून आपण काय घ्यावे? परभाषा आणि मातृभाषा यांना आपण पुष्कळदा तराजूच्या दोन पारड्यांत घालतो. एक वर गेली की दुसरी खाली येणार असे मानतो. सीमेवरच्या आणि दूरच्या शहरांतल्या मराठी समाजात हा वाद नित्य ऐकू येतो. एडिंबरो आणि पेन्ली यांची साक्ष निराळी आहे. पोलिश भाषेत वैद्यक शिकलेले तरुणच पुढे इंग्रज रोग्याची नाडी पाहू लागले. मातृभाषेने त्यांची वाट अडविली नाही. परभाषा अशी शिकवावी की दुसऱ्याचे दुखणे आपल्याला कळेल. मातृभाषा अशी राखावी की आपले दुखणे ऐकणारा कोणी उरेल. वर्गात वाक्प्रचारांचे अर्थ पाठ करून घेताना शिक्षकाने एवढे मनात ठेविले, तरी त्या पाठांतरास निराळे मोल येईल.