अज्ञान
* अज्ञान : अडाणी नव्हे, १८ वर्षांखालील. सातबाऱ्यावर अशा मुलाच्या नावाशी ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून बहुधा आईचे नाव असते. शेतांवर गोदामे उभी राहिलेल्या पूर्णा (ता. भिवंडी) गावासारख्या ठिकाणी ही तीन अक्षरे न वाचणे महागात पडते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ नुसार मुलाच्या स्वतंत्र मालकीची जमीन न्यायालयाच्या परवानगीवाचून विकली, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत त्याला व्यवहार रद्द करून घेता येतो. मुलाने स्वतःच सही केली असेल तर करार मुळातच शून्य. १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सावकाराला समन्यायाच्या नावानेही पैसे परत मिळू दिले नाहीत. नोंद ‘ए.कु.क.’ (एकत्र कुटुंब कर्ता) असल्यास मात्र गणित वेगळे. — संपा.