बाळ कोण बघणार? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

डोहाळजेवणाचे फोटो हल्ली रोज टाइमलाइनवर दिसतात. छानच वाटतं. पण त्या घरात विचारा, डॉक्टर कोणते? बाईंच्या डॉक्टरांचं नाव लगेच येतं. मग विचारा, बाळाला कोण बघणार? उत्तर ठरलेलं: "हॉस्पिटलवाले बोलावतील की कुणाला तरी."

हे "कुणाला तरी" आपल्याकडे फार जुनं आहे.

आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, हे आपण शाळेत शिकलो. त्याआधी चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता, तो उपचारांअभावी दहाच दिवस जगला. त्या दहा दिवसांतून त्यांची डॉक्टर होण्याची जिद्द उभी राहिली.

आपल्या आज्या-पणज्यांना पहिल्या आठवड्याचा धोका ठाऊक नव्हता असं नाही. पाचवीला सटवाई पुजायची, रात्रभर दिवा ठेवायचा, कुणीतरी जागं राहायचं. अस्वच्छ विळ्याने नाळ कापली की बाळाला धनुर्वात व्हायचा, आणि तो बहुतेकदा त्याच दिवसांत दिसायचा. जागरण होतं, इलाज नव्हता. पुढे इलाज सापडला तो बाळ जन्मायच्या आधीचा: गरोदर आईला धनुर्वाताची लस आणि स्वच्छ बाळंतपण. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं.

मुंबईत परळला वाडिया कुटुंबाने १९२६ मध्ये प्रसूती रुग्णालय उभारलं आणि तीनच वर्षांनी, १९२९ मध्ये, मुलांसाठी वेगळं रुग्णालय. लहान मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे, त्याचा डॉक्टर वेगळा हवा, हे तिथे विटा-चुन्यात दिसलं. पण परळ मुंबईत. तालुक्याच्या गावाला त्याचा काय उपयोग?

त्याचं उत्तर गडचिरोलीने दिलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. या आरोग्यदूत गरोदरपणातच घरी जायच्या, आई आणि सासू दोघींशी बोलायच्या. बाळंतपणाच्या वेळी दाई आईकडे बघायची, आरोग्यदूत बाळाकडे. म्हणजे खोलीत बाळासाठी एक वेगळा माणूस, आणि तो आधीपासून ओळखीचा. त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे पहिल्या महिन्यात सुमारे ६२ दगावायची, ती संख्या काही वर्षांत २५ च्या आसपास आली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं. २०११ पासून देशभर आशाताई बाळाला बघायला घरी येतात, त्यामागे हाच अनुभव आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात.

मी तालुक्यात बातमीदारी करतो. रात्री दोनला बाळ रडलं नाही म्हणून फोनवर फोन करणारे बाप मी पाहिलेत. त्या वेळी नंबर शोधायचा नसतो, तो आधीच खिशात असावा लागतो.

आपल्याकडे आणखी एक घोळ. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ जन्मतं एका गावात, वाढतं दुसऱ्या. म्हणून दोन नावं हवीत: जन्माच्या वेळी बघणारे डॉक्टर आणि सासरी गेल्यावरचे.

आठवा महिना लागला की एक चक्कर मारा. विचारा: जन्माच्या वेळी तुम्ही स्वतः येणार का? रात्री-अपरात्री कोण असतं? बाळ अशक्त निघालं तर काचेच्या पेटीची सोय कुठे, आणि तिथे न्यायचं कसं? जन्मताच द्यायच्या लसी कोण देणार? पहिल्या तासात अंगावर पाजायला मदत कोण करणार? खासगी परवडत नसेल तर हेच प्रश्न ग्रामीण रुग्णालयात विचारा. आशाताईंचा नंबर तर घ्याच. आणि जाताना सासूबाईंना सोबत न्या, पुढे बाळाचं बरंचसं त्याच ठरवणार आहेत!

सटवाईचा दिवा जरूर लावा. त्या दिव्याशेजारी बाळाच्या डॉक्टरांचा नंबर लिहिलेली चिठ्ठीही असू द्या.

ओळखीत कुणाचा आठवा-नववा चालू असेल तर त्यांना हे पाठवा.